बुरूज बांधण्यापूर्वी

मोह नेहमीच सोन्याने मढून येतो असे नाही. कधी कधी तो धुळीने माखलेला, चारही टायर जमिनीला टेकलेले, अशा दीनवाण्या रूपात आपली वाट पाहत उभा असतो. गेल्या हिवाळ्यात खामगावजवळच्या एका जुन्या गोठ्यात तो आम्हांला असाच भेटला.

आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध शिक्षक प्रभुघरी गेले. मासिक स्मरणाच्या मिस्सेनंतर त्यांच्या कन्येने आम्हांला गोठ्याकडे नेले. कडब्याच्या पेंढ्यांआड १९६७ सालची, दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड उभी होती. "फादर, भंगारवाला बावीस हजार देतोय. तुम्ही पंधराच द्या, पण बाबांची गाडी मोडू देऊ नका," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि आमच्या डोळ्यांत, खरे सांगावयाचे तर, लोभ होता.

तरुण वाचकांना हेरल्ड ठाऊक नसेल. इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीची ही मोटार १९५९ साली निघाली. तूरिनच्या मिकेलोत्ती या रचनाकाराने तिला रूप दिले आणि १९६१ पासून ती मद्रासला तयार होऊ लागली. तिच्याच चासीवरून पुढे, १९६२ साली, स्पिटफायर ही ट्रायम्फची सुप्रसिद्ध स्पोर्ट्स मोटार निघाली. म्हणजे आमची ही गोठ्यातली गरीब गाय एका शर्यतीच्या घोडीची सख्खी बहीणच! अवघ्या २५ फुटांच्या वर्तुळात ती वळते. तिचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे उघडते. सुसरीने जबडा वासावा तसे.

हे सारे आम्ही पुस्तकांतून शिकलो नाही. आमच्या बालपणी वसईत आमच्या गावच्या डॉक्टरांकडे अशीच हेरल्ड होती. १९७८ च्या पावसाळ्यात एका रात्री आमची आई अडली. डॉक्टरांनी तिला मागच्या बाकावर निजवून, गुडघाभर पाण्यातून इस्पितळात नेले. पहाटे धाकटी बहीण जन्मली. त्या गाडीचे पावसात दूर जाणारे दोन लाल दिवे आजही आम्हांला दिसतात. तेव्हा पंधरा हजारांत आम्ही काय विकत घेऊ पाहत होतो, हे सुज्ञ वाचकांनी ओळखलेच असेल.

मन वकिली करू लागले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली तरुण धर्मबंधू-भगिनींना सांगितले होते, की नव्या मॉडेलची मोटार घेतलेला धर्मगुरू पाहिला की आपल्याला वेदना होतात. आम्ही स्वतःस म्हणालो, ही तर सत्तावन्न वर्षांची जुनी! गुरुदीक्षेच्या रौप्यमहोत्सवी भेटींतून उरलेले ७० हजार रुपयेही आमचे स्वतःचेच होते.

तरी बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभू येशूचा दाखला आम्ही अनेकदा इतरांना ऐकवला आहे. म्हणून खामगावच्या एका वृद्ध मिस्त्रींना सोबत नेले. त्यांनी फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवले. दारांखाली ते चिकटेना. तेथे पत्रा नव्हताच, नुसती लांबी भरलेली होती. गोठ्याच्या ओलीने आणि गोमूत्राने चासीचे बाजूचे हात कुजले होते. मिस्त्रींनी प्लग काढून सिलिंडरांत थोडे तेल सोडले. दोन दिवसांनी फॅनचा पट्टा हाताने ओढून पाहिला, तर इंजिन फिरले! आमचे काळीजही फिरले. पण ब्रेकचा मास्टर सिलिंडर जाम झालेला, रबरी नळ्या वाळून चिरलेल्या. शिसेविरहित पेट्रोलसाठी वॉल्व्हच्या बैठका कठीण पोलादाच्या बसवाव्या लागणार. शिवाय हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला जुने रबर टिकत नाही. मागच्या चाकांची रचना अशी, की वळणावर वेग राहिला तर चाक आत दुमडू पाहते. आणि आमच्या वाटेवर तर राजूर घाट! २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील मोटारीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते, तिला २० हजार रुपये शुल्क पडते. पण अशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे ती प्रदर्शनाला न्यावयाची, आजाऱ्याकडे नव्हे.

"साडेतीन लाख, आन् एक वरीस," मिस्त्री म्हणाले. मग आमचा चेहरा पाहून हळूच पुस्ती जोडली, "फादर, हत्ती फुकट भेटला तरी चारा थोडीच फुकट भेटते!"

तरीही आठवडाभर आम्ही कागदावर आकडे मांडीत होतो. अशाच एका रात्री दोन वाजता फोन आला. दूरच्या वस्तीवर एक आजोबा अखेरच्या घटका मोजत होते. पवित्र तेल घेऊन आम्ही मिशनच्या जीपमध्ये बसलो. ती चालू होईना. बॅटरी मेली होती. ती बदलावयाची म्हणून तीन महिने आम्ही पुढे ढकलीत आलो होतो. शेजाऱ्यांना उठवून जीप ढकलली आणि पोहोचलो. आजोबांना अजून शुद्ध होती. रुग्णाभ्यंग झाला. परतताना मात्र अंगावर काटा आला. अर्धा तास उशीर झाला असता तर?

पोप फ्रान्सिस यांनी त्याच २०१३ साली एका इटालियन धर्मगुरूंकडून जुनी मोटार भेट म्हणून स्वीकारली होती. वेरोनाचे फादर रेन्झो झोक्का यांची ती १९८४ सालची रेनो, तीन लाख किलोमीटर धावलेली. ती पूज्य झाली ती जुनी म्हणून नव्हे. कामगारवस्तीत वर्षानुवर्षे राबली म्हणून. आमच्या गावच्या डॉक्टरांचेही तेच. त्या रात्री आईला वाचवले ते हेरल्डने नव्हे. हाक येताच अंथरुणातून उठणाऱ्या एका माणसाने, आणि त्याने चालू स्थितीत राखलेल्या वाहनाने. त्यांचा वारसा हवा असेल तर तो गोठ्यात नव्हता. आमच्या अंगणातल्या जीपमध्ये होता, आणि आम्ही तिची बॅटरीदेखील बदलली नव्हती.

आम्ही त्या कन्येस नकार कळवला. मिस्त्रींच्या ओळखीने नागपूरचे एक हौशी गृहस्थ आले. त्यांच्यापाशी पैसा होता, वेळ होता आणि ती मोडणार नाही असे वचनही होते. टेंपोत चढवण्यापूर्वी कन्येने आशीर्वाद मागितला. आम्ही पवित्र पाणी शिंपडले. जेथे जेथे थेंब पडले, तेथे तेथे धुळीखालून फिकट निळा रंग उमलून आला.

मोह गेला, असे आम्ही म्हणणार नाही. पुढच्या सोमवारी जीपला नवी बॅटरी बसवली, ब्रेकही तपासून घेतले. राजूर घाट उतरताना अजूनही कधी तरी ते दोन लाल दिवे पुढे चालल्यासारखे वाटतात. आम्ही त्यांच्या मागे जातो, आमच्या जीपमधून.