दोन मिलिमीटर

परवा ऑफिसच्या टपरीवर एका मित्राने विचारलं, "अरे, तुम्ही त्या डिझाईन कन्सल्टन्सीला एवढे पैसे मोजलेत, त्यात नक्की मिळालं काय? गोल कोपरे?" मी हसलो, कारण २०२२ साली हाच प्रश्न मीच आमच्या सरांना विचारला होता. आणि तोही असाच, चहाचा कप हातात धरून, जगातलं सगळं कळत असल्याच्या थाटात.

तर आज त्याबद्दल. शनिवार आहे, पोहे खाऊन झालेत, बायको माहेरी गेलीय. लिहायला हरकत नाही.

तेव्हा मी भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत होतो. जेमतेम तीस माणसं. दूध संकलन केंद्रात एक डबा असतो, तुम्ही गावाकडचे असाल तर पाहिला असेल. वजनकाट्यावरून लिटर घ्यायचे, ॲनालायझरकडून फॅट आणि एसएनएफ घ्यायचं, दराच्या तक्त्यातून भाव काढायचा आणि चिठ्ठी छापायची. एवढंच काम. पण त्या चिठ्ठीवर घरं चालतात. गायीच्या दुधाचा दर बऱ्याचदा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगतात. त्याच्या खाली गेलात की पैसे कापले जातात. म्हणजे पॉइंटनंतरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर दहा दिवसांच्या बिलात तो दिसतो.

आमचा जुना डबा पत्र्याचा, वाकवून पावडर कोटिंग केलेला. नवा प्लास्टिकचा करायचा होता, आत फोर-जी मोडेम, वर टचस्क्रीन. फर्मवेअर माझं, सर्किट बोर्डही बराचसा माझाच. (छोट्या कंपनीत 'रोल' वगैरे नसतं, खुर्ची असते.) बाहेरच्या डब्याचं काम सरांनी कोथरूडमधल्या एका जुन्या बंगल्यात चालणाऱ्या कन्सल्टन्सीला दिलं. नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही.

पहिल्या मीटिंगला मी ४२ स्लाईड्स घेऊन गेलो होतो. स्क्रीनवरची बटणं, त्यांचे रंग, मेनू, सबमेनू. त्यांच्याकडून दोघं होते. एक अहमदाबादच्या एनआयडीत शिकलेली डिझायनर, माझ्याच वयाची. आणि मेकॅनिकलचे एक गृहस्थ, पंचावन्नच्या आसपास, ज्यांना अख्खं ऑफिस 'काका' म्हणत होतं. तिसऱ्या स्लाईडला डिझायनरने मला थांबवलं.

"दूध घालायला येणाऱ्यांचे हात कसे असतात?"

"म्हणजे?"

"म्हणजे ओले, कोरडे, हातात काय असतं, किटली कुठे ठेवतात..."

मला राग आला. माझा सख्खा मामा संगमनेरच्या पुढे राहतो, सहा गायी आहेत. लहानपणी प्रत्येक सुट्टीत मी त्याच्याबरोबर डेअरीत गेलोय. मी तसं सांगितलंही, जरा ऐटीतच. ती म्हणाली, "अरे वा, मग आपण तिथेच जाऊ."

झालं. पुढच्याच आठवड्यात आम्ही तिघं मामाच्या पडवीत मुक्कामाला. मामी गोंधळलेली, की ही बाई पुण्याहून दूध घालायला कशाला आलीय. पहाटे साडेपाचला डेअरीत पोचलो. डिझायनर एका रिकाम्या कॅनवर बसली आणि अडीच तास जवळजवळ काहीच बोलली नाही. नुसती वहीत रेघोट्या मारत होती. काका डब्याच्या मागे वाकून वायरी बघत होते. मी मोबाईल बघत होतो, खोटं कशाला सांगू.

परतीच्या गाडीत तिने वही वाचून दाखवली आणि मला घाम फुटला. चालवणारा माणूस बटणं बोटाने दाबतच नाही, बॉलपेनच्या मागच्या टोकाने दाबतो, कारण हात सतत दुधाने ओला. माझी ती सुंदर टचस्क्रीन तिथेच मेली. पाचचं बटण झिजून त्याच्यावर मार्करने ५ काढलेला. प्रिंटरच्या फटीत मुंग्या. दोनदा लाईट गेली, आणि दोन्ही वेळा इन्व्हर्टरवर जाताना डबा रीस्टार्ट झाला. (हा सरळसरळ माझा बग.) चिठ्ठी थर्मल कागदाची, लोक ती शर्टाच्या खिशात ठेवतात आणि घामाने, उन्हाने ती पुसट होते. आणि शेवटचं म्हणजे, बावन्न जण आले, त्यातल्या एकवीस जणांनी "किती लागली फॅट?" असं तोंडी विचारलं. डिस्प्ले समोर असून.

समोर? डिस्प्ले चालवणाऱ्याच्या समोर. शेतकरी उभा असतो डब्याच्या मागे. बाहेरच्या बाजूला पूर्वी एक वेगळा डिस्प्ले टांगलेला होता म्हणे, त्याची वायर तुटून वर्ष झालेलं.

यावर तिने मामालाही विचारलं होतं, तेव्हा मी चहा आणायला गेलो होतो. मामाचं उत्तर तिने जसंच्या तसं उतरवलेलं: "मशिन खोटं बोलतं असं नाही म्हणत मी. पण ते आमच्याकडं पाठ करून बोलतं."

वीस वर्षं मी त्या डेअरीत जातोय. दोन वर्षं त्याच डब्याचं फर्मवेअर लिहितोय. मामा मला हे कधी बोलला नाही, कारण मी कधी विचारलं नाही. मी त्याला विचारायचो, "मामा, ॲप टाकलंस का?"

तर टचस्क्रीन गेली आणि रबराची मोठी बटणं आली. डब्याच्या मागच्या अंगाला, शेतकऱ्याकडे तोंड करून, लाल सेव्हन-सेगमेंट आकड्यांच्या चार ओळी आल्या: लिटर, फॅट, एसएनएफ, रुपये. सर खर्चाला तयार नव्हते. एका डब्यामागे चारशे रुपये वाढत होते आणि आमचं गिऱ्हाईक म्हणजे डेअरी, शेतकरी नव्हे. त्यावर डिझायनरने वाद घातला नाही. तिने पुठ्ठ्याचा डबा केला, आकडे छापून चिकटवले, आणि मीटिंगमध्ये सरांच्या समोर ठेवला. उलटा. दहा मिनिटं सर बोलत होते आणि मधूनमधून मान वाकडी करून बघत होते. शेवटी म्हणाले, "अहो, काय लिहिलंय तरी काय त्याच्यावर?" आणि मग स्वतःच गप्प झाले.

त्या दिवशी जेवताना ती ईव्हीएमबद्दल बोलली. मला माहीत नव्हतं की आपल्या मतदान यंत्राचं बाह्य डिझाईन आयआयटी मुंबईच्या आयडीसीतल्या प्राध्यापकांनी केलंय. निळं बटण, लाल दिवा, लांब बीप. वाचता न येणाऱ्यालाही कळतं की काम झालं. आणि तरीही पुढे लोकांना बीप पुरेना, म्हणून व्हीव्हीपॅट आलं. २०१९ च्या लोकसभेला ते देशभर सगळीकडे होतं. ती चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि पडते. "सात सेकंद, पण स्वतःच्या डोळ्यांनी," ती म्हणाली आणि दहीभात कालवायला लागली. मला पटलं, पण तसं मी बोललो नाही. इंजिनियर आहे शेवटी.

असो. आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हे शीर्षक आहे.

काकांनी मला प्लास्टिक शिकवलं. सॉफ्टवेअरवाल्याला हे शिकणं फार अवघड, कारण आपली सवय म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी पॅच टाका, सोमवारी परत काढा. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये वितळलेलं प्लास्टिक पोलादाच्या साच्यात दाबानं भरतात. साच्यातून पार्ट सुटावा म्हणून उभ्या भिंतींना थोडा उतार द्यावा लागतो. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी हवी, नाहीतर जाड जागी प्लास्टिक सावकाश थंड होतं आणि पृष्ठभागावर खळगा पडतो. ताकद हवी तर जाडी वाढवायची नाही, आतून पातळ रिब द्यायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, साच्याचं पोलाद कापणं सोपं, परत भरणं कठीण. पार्टवर रिब म्हणजे साच्यात चर. रिब उंच करायची असेल तर चर आणखी खोल कापला की झालं. पण रिब कमी करायची असेल तर चर बुजवायला हवा! म्हणून जिथे शंका असेल तिथे आधी पोलाद जास्त ठेवायचं. "पोरा, इथं कंट्रोल-झेड नाही," असं काका दर बुधवारी म्हणायचे.

२०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या पार्ट्सची काय बोंब होती ते आठवत असेल. आमच्या प्रिंटरच्या केबलचा कनेक्टर मिळेना. मी तशाच पिनांचा दुसरा शोधला, बोर्डवर बसवून पाहिला, चालला. पार्ट्सच्या यादीत बदल केला, परचेसला मेल केला, आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो. कन्सल्टन्सीला दिलेली बोर्डची थ्री-डी फाईल मात्र जुनीच राहिली. नवा कनेक्टर दोन मिलिमीटर उंच होता.

साचा कापून झाला. पहिले सॅम्पल आले तो शुक्रवार होता. सगळे टेबलाभोवती जमलेले, पेढे आणलेले. बोर्ड बसला, प्रिंटर बसला, झाकण बसेना. एका बाजूने फट राहत होती. झाकणाच्या आतली रिब कशाला तरी अडत होती.

कशाला ते मला त्या क्षणी कळलं. कानशिलं गरम झाली.

सर काकांकडे वळले. "एवढी फी घेता तुम्ही, आणि साधं झाकण लागत नाही?" पुढेही बरंच बोलले. पुढचा हप्ता थांबवतो असंही म्हणाले. काकांनी चष्मा वर केला, आत डोकावून पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "तपासतो." डिझायनर माझ्याकडे बघतेय असं मला वाटलं. कदाचित नसेलही बघत. मी पेढा खाल्ला. अजून आठवतंय, तो गिळताना त्रास झाला.

शनिवार-रविवार कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. ॲप्रेझल तोंडावर होतं, लग्न ठरत होतं. मी स्वतःला पटवायच्या बऱ्याच युक्त्या करून पाहिल्या. त्यांनीच साचा सोडण्याआधी बोर्ड मागून मोजायला हवा होता, मेलवर कोणीतरी त्यांना सीसी करायला हवं होतं, वगैरे. काही अंशी ते खरंही होतं. ती फाईल कोणाच्या मालकीची, साचा सोडायच्या कागदावर आमच्याकडून सही कोणाची, हे आमच्या ॲग्रीमेंटमध्ये कुठेच नव्हतं. तुम्ही कधी असल्या कन्सल्टन्सीबरोबर काम कराल तर फीवर घासाघीस करण्याआधी हे लिहून घ्या. पण तो वेगळा लेख.

सोमवारी सकाळी नऊला मी आधी काकांना फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "मला शुक्रवारीच दिसलं होतं. ड्रॉइंगमध्ये पांढरा कनेक्टर होता, बोर्डवर काळा."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं सोमवारपर्यंत बघू."

एवढंच. फोन ठेवला आणि मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. तिथलं संभाषण इथे देण्यासारखं नाही. त्या वर्षी मला पगारवाढ मिळाली नाही. कन्सल्टन्सीचा हप्ता मात्र त्याच दुपारी गेला, आणि सर स्वतः काकांशी फोनवर बोलले. माफी मागितली का ते माहीत नाही. दार बंद होतं.

काकांनी रस्ता काढला. सगळी रिब काढली तर झाकण लेचंपेचं होईल, म्हणून कनेक्टरपुरती खाच. साच्याच्या चरात तेवढ्याच जागी पोलादाचा तुकडा बसवायचा. टूलरूमने बारा दिवस मागितले. पण पायलटसाठी पन्नास डबे त्याच आठवड्यात जायचे होते. "पन्नास झाकणं हाताने कापावी लागतील," काका म्हणाले. कोणी कापायची हे त्यांनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. दोन रात्री बसून निपर आणि कानसने पन्नास खाचा केल्या. पहिल्या दहा तर भयानक वेड्यावाकड्या.

मागच्या दिवाळीत मामाकडे गेलो होतो. त्यांच्या डेअरीत आमचा डबा लागलाय, पायलटमधलाच. सकाळी मुद्दाम मामाबरोबर गेलो. चालवणाऱ्याने कागदाचा रोल बदलायला झाकण उघडलं आणि आत माझी कानस दिसली. पहिल्या दहातलंच असणार. मामाने विचारलं, "काय बघतो रे?" म्हटलं, काही नाही.

रांगेत पुढे एक आजी होत्या. किटली ओतली, नमुना गेला, लाल आकडे उमटले. आजींनी डोळे बारीक करून वाचलं आणि एकदम कडाडल्या, "तीन चार? काल तीन सात होती! गाय तीच, चारा तोच!" चालवणारा समजावतोय, आजी ऐकत नाहीत, मागचे दोघं आजींच्या बाजूने. शेवटी नमुना परत लावला, परत तीन चारच आली, तरी आजींचा नातू कालची चिठ्ठी आणायला घरी पळाला. पंधरा मिनिटं रांग ठप्प.

चालवणारा वैतागून माझ्याकडे वळला. मामाने माझी ओळख आधीच करून दिलेली होती, दुर्दैवाने.

"साहेब, ती मागची पाटी बंद करायचं काही बटण आहे का हो?"

"नाही," मी म्हणालो.

मामा किटली खाली ठेवून तंबाखू मळायला लागला.