पलटणीचे नाव

आमच्या आजीच्या लेखी अंबाजोगाई हे देवीचे नाव होते, गावाचे नव्हे. गाव तिच्यासाठी शेवटपर्यंत मोमिनाबादच राहिले. निजामाचे राज्य जाऊन कित्येक वर्षे लोटली, पाट्या बदलल्या, शाळेच्या दाखल्यांवर नवे नाव आले. आजी मात्र जुन्याच नावाने बोलत राहिली. त्यात तिचा राजकीय आग्रह काही नव्हता. ज्या नावाच्या गावी ती नांदायला आली, तेच तिला ठाऊक होते, इतकेच. मोमिनाबाद म्हटले की तिला घोडे आठवत. हैदराबाद कंटिंजंटच्या रिसाल्याची छावणी एके काळी इथे होती, आणि तिच्या गोष्टी आजीने आपल्या सासूकडून ऐकल्या होत्या.

नाव आणि पलटण यांच्या नात्याचा विचार आमच्या मनात पुन्हा आला तो एका दूरच्या निमित्ताने. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीतून बाहेर पडली आणि स्वतंत्र भारतातून ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी गेली. निरोप म्हणून तिला त्याच कमानीची चांदीची प्रतिकृती देण्यात आली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात ही पलटण तिथेच संपते. तिचे पुढे काय झाले? साम्राज्य आटले, फौज आटली. १९५९ साली ती शेजारच्या कॉर्नवॉलच्या पलटणीत मिसळली, १९६८ साली 'द लाइट इन्फन्ट्री' या मोठ्या रेजिमेंटमध्ये आणि २००७ साली 'द रायफल्स'मध्ये. म्हणजे १९६८ पासूनच नावात सॉमरसेट उरले नाही. गावच्या चर्चमध्ये मृतांची नावे ज्या पलटणीखाली कोरली आहेत, ती पलटण त्या नावाने आज अस्तित्वात नाही.

हे वाचताना आम्हांला वाटले, ही कथा आपल्याकडेही घडली आहे. फक्त आपण तिच्याकडे पाहिलेले नाही. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास जी ब्रिगेड उभी केली, तिच्यातून पुढे कंटिंजंट आकाराला आले. या फौजेचा खर्च निजामाच्या माथी होता. तो थकला म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. पलटणीच्या पगारापायी एक अख्खा मराठी मुलूख हस्तांतरित व्हावा, याहून मोठा संबंध साहित्याच्या विद्यार्थ्याला कोणता दाखवावा? १९०३ मध्ये कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाले आणि त्यातल्या एका पलटणीला 'बेरार इन्फन्ट्री' असे नाव लाभले. १९२२ मध्ये या पलटणी एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये आल्या. तोवर भरती कुमाऊँनी, जाट, अहीर जवानांची होत चालली होती. दुसरे महायुद्ध संपताच, ऑक्टोबर १९४५ मध्ये, तिचे नाव 'कुमाऊँ रेजिमेंट' झाले. पुढे तिचे केंद्र राणीखेतला गेले. बडगामला ३ नोव्हेंबर १९४७ रोजी धारातीर्थी पडलेले मेजर सोमनाथ शर्मा, पहिले परमवीरचक्र विजेते, याच रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनचे. त्या बटालियनचे मूळ अचलपूरच्या नवाबाच्या फौजेत आहे, हे आमच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

दख्खनचे नाव गेले, पण पलटण राहिली. नाव बदलणे न्याय्यही होते. ज्यांचे रक्त सांडते त्यांचे नाव असावे.

निजामाच्या स्वतःच्या फौजेचे मात्र नाव बदलले नाही. ते पुसले गेले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ तारखेला निजामाने हार मानली आणि दुसऱ्या दिवशी जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. ती फौज मोडली गेली. मराठवाड्याच्या दृष्टीने ही मुक्ती होती, आणि रझाकारांचा जाच सोसलेल्या कुठल्याही घरात तिच्याविषयी शंका नाही. पण रझाकार ही वेगळी संघटना आणि संस्थानी शिपाई वेगळा, हा भेद लोकांच्या बोलण्यात उरला नाही.

आमच्या गल्लीत त्या मोडलेल्या फौजेतले एक वृद्ध राहत. सारे त्यांना जमादारचाचा म्हणत. पुढचे आयुष्य त्यांनी एका गोदामाच्या राखणीवर काढले. दर १७ सप्टेंबरला झेंडावंदनाच्या वेळी ते मैदानाच्या कडेला, लिंबाखाली, दोन्ही टाचा जुळवून उभे राहत. ती ताठ उभी राहण्याची रीत कुठून आली, हे कोणी विचारीत नसे.

एके वर्षी आम्ही विद्यार्थ्यांकडून मुक्तिसंग्रामाच्या आठवणींचे संकलन करवून घेतले. यादी आम्हीच केली होती. वर्गात जमादारचाचांचा नातू होता. तास संपल्यावर तो थांबला.

"सर, आमच्या आजोबांची मुलाखत कोणत्या गटाकडे आहे?"

"ती विषयाच्या कक्षेत बसत नाही," आम्ही म्हणालो.

"बरं, सर," म्हणून तो गेला.

संकलन चांगले झाले, त्याचे कौतुकही झाले. दोन वर्षांनी चाचा गेले. त्यांची पलटण कोणती, शरणागतीच्या दिवशी ते कुठे होते, शस्त्र खाली ठेवताना त्यांना काय वाटले, आणि नंतरच्या भीतीच्या दिवसांत घराबाहेर पडण्याचे धैर्य त्यांनी कुठून आणले, यांतले काहीही आता कळणार नाही. कक्षा आखली होती ती आम्ही, विषयाने नव्हे.

साहित्य शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो की जे वगळले गेले ते वाचायला शिका. मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या गावात ते सांगणे शोभूनही दिसते. पण वगळणारा हात बहुधा आपल्यासारख्याच कुणाचा असतो, सुशिक्षित आणि सद्हेतूने यादी करणारा, हे आम्ही सांगत नव्हतो. अलीकडे सांगतो. आणि आठवणींच्या संकलनाचे काम पुन्हा निघाले, तर यादी करण्याआधी मैदानाच्या कडेला कोण उभे आहे ते पाहून या, असे विद्यार्थ्यांना बजावतो.