टेकू लावलेलं विमान

विमान बघायचं असेल तर मुंबईला जाऊ नका, चिपीला जा! परुळ्याच्या वरचा तो तांबडा कातळाचा सडा, पलीकडे समुद्र आणि मधोमध अडीच हजार मीटरची काळीभोर धावपट्टी. कागदोपत्री नाव सिंधुदुर्ग विमानतळ. पण आमच्या मामांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे म्हणतात ‘चिपी’.

मी लोंढ्याचा, रेल्वेच्या गावचा. आमच्याकडे रेल्वेचं काहीच झाकलेलं नसतं. कुळ्याहून कॅसलरॉकला चढताना दर सदतीस फुटांना एक फूट चढ, म्हणून गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, हे शाळकरी पोरही सांगेल. विमानाच्या बाबतीत मात्र मी ठार अडाणी. बेळगावचा सांबऱ्याचा विमानतळ १९४२ पासूनचा, ब्रिटिश वायुदलानं बांधलेला, घरापासून जवळचा. तो सोडून माझा पहिला विमानप्रवास घडला कोकणातून, कारण मामा परुळ्याचे आणि लग्न मुंबईत. साल २०२२.

मामा वाटेत सगळा इतिहास सांगत होते. २०१८ साली चतुर्थीच्या आदल्या दिवशी इथे चाचणीचं विमान उतरलं, ते गणपतीची मूर्ती घेऊन! प्रवाशांची पाळी यायला पुढे तीन वर्षं गेली. ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं आणि अलायन्स एअरचं मुंबईचं विमान सुरू झालं. कोकणात गणपती आधी, माणसं मागून, त्यात नवल ते काय!

आत गेलो तर विमानतळ केवढासा! या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचा माणूस ओळखू येतो. काचेला नाक लावून उभा राहिलो. आकाशात एक ठिपका, मग दोन पंखे, मग पोटातून बाहेर आलेली चाकं, आणि बघता बघता ते एटीआर जातीचं विमान समोर येऊन थांबलंसुद्धा. पंख शरीराच्या वरून गेलेले, त्यामुळे विमान जमिनीला पोट लावून बसल्यासारखं दिसतं. धावपट्टीच्या एका टोकाला ०९, दुसऱ्याला २७. हे नुसते नंबर नव्हेत, होकायंत्राचे अंश आहेत, शेवटचं शून्य गाळून! ९० म्हणजे पूर्व, २७० म्हणजे पश्चिम.

आणि मग तो टेकू. विमान थांबल्यावर एकानं शेपटीखाली चक्क एक दांडा उभा केला. मला वाटलं, काहीतरी मोडलं! आम्ही चालत विमानाकडे निघालो तेव्हा राहवेना, शेजारच्या माणसाला विचारलं. तो मालवणचा, नेहमीचा प्रवासी. म्हणाला, “मागच्यान माणसां चढतत, शेपूट जड जाता. म्हणान टेकू.” अहो, खरंच की! प्रवाशांचं दार मागे, सामानाचं पुढे. माणसं शेपटीकडे गोळा झाली की विमान मागे कलंडू शकतं. एवढं मोठं यंत्र, आणि त्याला आधार एका दांड्याचा! मी इतका खूश झालो की मागच्या बाईंनी “चला हो पुढे” म्हणून हटकलं.

त्यावर आणखी एक कौतुक. उजव्या बाजूनं इंजिनाची घरघर येतेय, पण पंखा ढिम्म हलत नाही! त्या पंख्याला ब्रेक लावून आतलं इंजिन चालू ठेवतात, त्यावर विमानातली वीज चालते. याला म्हणे ‘हॉटेल मोड’ म्हणतात. इतर बऱ्याच विमानांना यासाठी शेपटीत वेगळं छोटं इंजिन असतं. एटीआरनं तो खर्च आणि ते वजन वाचवलंय. काटकसरी संसारी विमान. मला तर ते तिथेच आवडून गेलं.

उडालो ते थेट समुद्रावर. पंख डोक्यावर असल्यानं खाली काहीच आड येत नाही. चाकं पोटात गडप होताना मी खिडकीतून स्वतः पाहिली. पुढच्या रांगेतल्यांना हे सुख नाही, तिकीट काढताना लक्षात ठेवा. वळण घेऊन उत्तरेकडे लागलो आणि उजवीकडे मालवण, पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला, तटबंदीची नागमोडी रेघ अगदी कुणी हातानं काढल्यासारखी.

मुंबईत उतरल्यावर पायऱ्यांशीच बस उभी. सगळे पटापट चढले. मी शेपटीकडे वाकून बघत राहिलो, टेकू लावतात की नाही ते. “सर, बस!” कर्मचारी दुसऱ्यांदा ओरडला. लावला. मग चढलो.