म्हातारी जीप आणि कचारगड

"मोडीत घाला एकदाची!" असा सौ.चा हुकूम दोन वर्षे चालू होता. तिचे तरी काय चुकले? कार्बोरेटरचे भाग तिच्याच परातीत पेट्रोलमध्ये भिजत पडलेले! पण महिंद्रांनी मुंबईत ज्या विलिस जीपची जुळणी सुरू केली, त्याच घराण्यातली ही अण्णांची गाडी. आणि तिच्यातूनच त्यांना पुन्हा कचारगड गाठायचे होते.

पहिल्या गियरला सिंक्रोमेश नाही. चढणीवर आधी थांबायचे, मग तो टाकायचा. नागपूरहून धनेगावपर्यंत म्हातारी कुरकुरत आली. पुढे पायवाट. लिंगोने शिळा सारून कोंडलेली मुले सोडवली ती हीच गुहा, अशी गोंड बांधवांची श्रद्धा. माघी पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते.

"तू जाऊन ये. मी हिच्यापाशी बसतो," अण्णा म्हणाले.

परतून पाहतो तो अण्णा स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले. किल्ली मात्र माझ्या खिशात!