एक राहिलेली अक्षत

येत्या वैशाखांत आमच्या नातवाची मुंज आहे. निमंत्रणांची यादी करण्याचें काम वडीलकीच्या नात्यानें आमच्याकडे आलें. यादी पुरी करून ती आम्हीं घरांत वाचून दाखविली, तेव्हां आमच्या कुटुंबानें एवढेंच विचारलें, "आणि वन्संना अक्षत कोण देणार?"

ज्या धाकट्या बहिणीविषयीं हा प्रश्न होता, तिनें सदतीस वर्षांपूर्वीं एका परधर्मीय गृहस्थाशीं विवाह केला. आमच्या तीर्थरूपांनीं त्या दिवशीं, मेल्या माणसाचें करावें तसें, स्नान केलें आणि तिचें नांव पुन्हां घरांत काढूं नये असें बजाविलें. पुढें त्यांच्या अखेरच्या दुखण्यांत ती दाराशीं आली. वडिलांची आज्ञा म्हणून आम्हींच तिला ओसरीवरून परत पाठविलें. त्या रात्रीं वडिलांनीं दोनदां विचारलें, "कोण आलें होतें?" आम्हीं सांगितलें, "कोणी नाहीं."

कुटुंबाच्या प्रश्नास उत्तर न देतां आम्ही उठलों. दुसऱ्या दिवशीं कामानिमित्त शिरूर तालुक्यांत जाणें झालें, तेव्हां पाबळास मस्तानीच्या कबरीपाशीं थांबलों. शाळेंत इतिहास शिकवितांना या बाईस आम्ही दोन वाक्यांत आटोपीत असूं. त्या दिवशीं मात्र तेथून लवकर निघवेना.

1729 सालीं बंगशाच्या वेढ्यांतून छत्रसालास सोडविण्यासाठीं पहिले बाजीराव जैतपुरास धांवून गेले, आणि त्या संबंधांतून मस्तानी पुण्यास आली. छत्रसालास मुसलमान स्त्रीपासून झालेली ती कन्या, असें परंपरा सांगते. शनिवारवाड्याच्या एका दरवाजास तिचें नांव मिळालें; घरच्या देवघरांत व पंक्तींत तिला स्थान मिळालें नाहीं. 1734 सालीं तिला पुत्र झाला. त्याचें नांव कृष्णराव ठेवून मुंज करावी असें बाजीरावांच्या मनांत होतें, परंतु ब्रह्मवृंदानें तें मानिलें नाहीं, असें म्हणतात. मुलगा समशेर बहादूर झाला. 1740 च्या आरंभीं बाजीराव मोहिमेवर असतांना घरच्यांनीं मस्तानीस अटकेंत ठेविलें. त्याच सुमारास पुण्यांत रघुनाथरावांची मुंज आणि चिमाजीअप्पांचे चिरंजीव सदाशिवराव यांचें लग्न झालें. 28 एप्रिल रोजीं नर्मदाकांठीं रावेरखेडीस बाजीराव वारले. वयाचीं चाळीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. मस्तानी त्याच वर्षीं गेली, आणि डिसेंबरांत चिमाजीअप्पाहि गेले.

राधाबाई, चिमाजीअप्पा व नानासाहेब यांस निष्ठुर म्हणून मोकळें होणें सोपें आहे. आम्हांस तें करवत नाहीं. आचार हाच त्या घराचा पाया होता, आणि अप्पांचें आपल्या वडील बंधूंवर निरतिशय प्रेम होतें. उपनयनाचा अधिकार पूर्वीं जन्मावरून ठरे, हेंहि आम्हां संस्कृत शिकलेल्यांस नवें नाहीं. परंतु आचार राखण्यासाठीं एका आईस कोंडून ठेवावें, असें कोणत्या ग्रंथांत सांगितलें आहे, तें आमच्या वाचनांत आलेलें नाहीं. तें धर्मानें करविलें नव्हे. लोक काय म्हणतील या भयानें करविलें.

आईमागें त्या मुलाला घरानें टाकलें नाहीं, ही गोष्ट खरी. पेशव्यांच्याच कुटुंबांत तो वाढला. 14 जानेवारी 1761 रोजीं पानिपतावर तो सदाशिवरावभाऊंबरोबर लढला, आणि जखमी होऊन भरतपुरास वारला. वय अवघें सव्वीस-सत्तावीस. ज्यांच्या लग्नाच्या वेळीं त्याची आई अटकेंत होती, त्यांच्याच निशाणाखालीं त्यानें प्राण वेंचले. मांडवांत ज्याला जागा मिळाली नाहीं, त्याला रणांत आपला म्हणतांना कोणाचा आचार आड आला नाहीं.

परततांना गाडींत आमच्या मनांत एकच विचार घोळत होता. बहिणीस दारांतून परत पाठविलें, ती वडिलांची आज्ञा होती. पण त्या रात्रीं त्यांच्या प्रश्नास खोटें उत्तर द्यावें, अशी आज्ञा आम्हांस कोणीं केली होती? तें पाप सर्वस्वीं आमचें. कदाचित् तें नांव ऐकावें म्हणूनच त्यांनीं दोनदां विचारलें असेल.

घरीं येऊन आम्हीं नित्याप्रमाणें संध्या केली आणि मग बहिणीस स्वहस्तें पत्र लिहिलें. अक्षतेवर तिच्या यजमानांचें नांवहि घातलें. वडिलांनीं दोनदां विचारलें होतें, हें तिला कळविलें; कारण तो प्रश्न इतकीं वर्षें आम्हीं ठेवून घेतला असला, तरी होता तो तिचा. आमची श्रद्धा जेथें होती तेथेंच आहे. त्या पत्रानें ती तिळभरहि ढळली नाहीं.

पत्रास पंधरा दिवस झाले. उत्तर आलेलें नाहीं. मुहूर्तास अजून तीन आठवडे आहेत.

ज्या वाचकांच्या यादींत असेंच एखादें नांव राहिलें असेल, त्यांस उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आम्हीं केलें तें फार उशिरां केलें, एवढें मात्र त्यांस कळावें म्हणून हें लिहिलें.