नाईट ड्यूटी

आमच्या गल्लीत वीस-बावीस वर्षं सगळ्यांचा समज होता की मी नर्स आहे. हा समज पसरवला माझ्या सासूबाईंनी. मी त्यांना अम्मी म्हणते. शेजारच्या बायकांनी पहिल्यांदा विचारलं, "तुमची सून रात्र रात्र असते कुठे?" तेव्हा अम्मींनी तांदूळ निवडता निवडता उत्तर दिलं, "नाईट ड्यूटी." एवढंच. दवाखान्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, पण लोकांनी आपापल्या मनाने दवाखाना उभा केला. एकदा मागच्या घरातल्या खाला औषधाची बाटली आणि सुई घेऊनच आल्या. "बेटी, जरा लगा दे, कंपाउंडर पैसे बहुत लेता है." मी म्हटलं, "खाला, दवाखान्याबाहेर आम्हाला परवानगी नसते." तेवढं खोटं मात्र माझं स्वतःचं.

मी नाटकात काम करते. मुंबई-पुण्याच्या नाही, झाडीपट्टीच्या. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात. धान कापून झालेलं असतं, हातात चार पैसे असतात. कुठे मंडई भरते, कुठे शंकरपट. घरोघरी पाहुणे येतात, पोरापोरींची लग्नं ठरतात आणि रात्री नाटक होतं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या धंद्याचं केंद्र. कंपन्यांची ऑफिसं तिथे आहेत, गावातली मंडळं तिथे येऊन तारखा ठरवतात. प्रयोग रात्री दहाच्या सुमाराला सुरू होतो आणि पहाटे संपतो. समोर दोन-तीन हजार माणसं सहज असतात, थंडीत चादरी पांघरून बसलेली. एका प्रयोगाच्या पैशाला आमच्यात 'नाईट'च म्हणतात. त्यामुळे अम्मी अगदीच खोटं बोलत नव्हत्या.

माझं माहेर ब्रह्मपुरीकडचं. अब्बा मंडईत बांगड्यांचं दुकान लावायचे आणि रात्री आम्हा भावंडांना कनातीजवळ बसवून नाटक दाखवायचे. मराठी ही माझी घरातली, शाळेतली, भांडणातली भाषा. लग्न होऊन इतवारीत आले तेव्हा इथली हिंदी मला शिकावी लागली. 2001 च्या दिवाळीत मी माहेरी होते. भाऊबीज आणि पहिला रोजा त्या वर्षी मागेपुढेच आले होते. गावच्या मंडळाने बाहेरून बोलावलेली नटी आजारी पडली आणि कुणीतरी अब्बांना म्हणालं, तुमची पोरगी शाळेत नाटकात असायची ना? अब्बा माझ्याकडे बघत राहिले. माझ्या नवऱ्याचं किराणा ओळीतलं काम तेव्हा सुटलेलं होतं. मी उभी राहिले. चारशे रुपये मिळाले.

यांना सांगितलं तर म्हणाले, "मला चालेल. अम्मीला तू सांग." अम्मी दिवसभर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ती 'नाईट ड्यूटी' जन्माला आली.

सुरुवातीची बरीच वर्षं मी इतवारीच्या स्टेशनावरून नागभीडची छोटी गाडी पकडायची. नॅरोगेज, शंभरावर किलोमीटरचा रस्ता आणि बैलगाडीशी शर्यत लावावी असा वेग. पण त्या गाडीत माझी संवादांची वही पाठ व्हायची. पुढे नागभीडला गाडी बदलून वडसा. 2019 च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजच्या कामासाठी ती लाईन बंद झाली. आता कंपनीची गाडी दुपारी तीनला येते आणि सकाळी उमरेड रोडने परत आणून दिघोरीला सोडते. तिथून ऑटो.

घरी पोचते तेव्हा सात-साडेसात होतात. गल्ली तेव्हा गार असते. दूधवाला, झाडू मारणारी बाई, शाळेची पोरं. चहा घेऊन आडवी होते न होते तोच इतवारी जागी होते. आम्ही राहतो ते घर गोदामावर आहे. खाली मिरचीची पोती उतरतात, हमालांची हाळी, हातगाड्या अडकल्या की शिव्या, मग हॉर्न. मिरचीचा खाट जिन्यावरून वर येतो आणि झोपेत शिंका येतात. सगळ्या शहराचा दिवस ती माझी रात्र. पाहुण्यांना वाटतं ही बाई आळशी, दुपारी एकला दात घासते. अम्मी मात्र दारात खुर्ची टाकून बसायच्या. आवाज वाढला की काठी आपटून हमालांना ओरडायच्या, "हळू रे, वर माणूस झोपलंय." मी काय काम करते हे त्यांनी तोंडाने कधी कबूल केलं नाही, पण माझ्या झोपेचा पहारा त्यांनीच केला.

2015 साली बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा फैय्याज होत्या. पेपरात त्यांचा फोटो आला. फैय्याज शेख, सोलापूरच्या. आपल्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेल्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये त्यांनी खाँसाहेबांच्या झरीनाचं काम केलं होतं, 1967 साली. तेही स्वतःच्या नावाने. माझं पोस्टरवरचं नाव वेगळंच आहे. पहिल्या कंपनीच्या मालकाने ते ठेवलं, म्हणाला, हे लवकर तोंडात बसतं. मी वाद घातला नाही. पैशाची गरज होती आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं वाटलं, गल्लीत कुणाला कळणार नाही म्हणून. तो फोटो मी अम्मींना दाखवला, बातमी हिंदीत समजावून सांगितली. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि पेपर परत दिला. "ती फैय्याज. तू या घरची सून."

मी बहुतेक आईच्या नाहीतर मोठ्या बहिणीच्या भूमिका करते. एका वर्षी माझी मुलगी तापाने फणफणली असताना मी आरमोरीच्या बाजूला एका गावात मेलेल्या लेकरासाठी रडत होते. यांचा फोन अंकाच्या मधे आला, तिला दवाखान्यात नेलंय म्हणाले. गाव तिकिटं काढून बसलेलं, बदली बाई नाही. तिसरा अंक केला. बायका पदर डोळ्याला लावत होत्या. लोक म्हणाले, काय काम केलं बाईने! त्या कौतुकाची मला आजही लाज वाटते. ती बरी झाली, आज बावीस वर्षांची आहे, पण आईने तिसरा अंक केला हे तिला माहीत आहे.

मधली पंधरा-सोळा वर्षं रमजान हंगामाबाहेर गेला होता, रोजे घरी व्हायचे. आता तो फिरून परत आलाय, फक्त हंगामाच्या शेवटाला. मागच्या वर्षी 2 मार्चला पहिला रोजा होता आणि होळीपर्यंत माझ्या सहा नाईटी. पहाटे पडदा पडला की तोंडाचा रंग पुसायला वेळ नसायचा, तशीच डबा उघडायची. एका गावात ज्यांच्या घरी आमची सोय होती त्या म्हातारीने सगळं सामान गाडीत चढताना पाहिलं आणि म्हणाली, "बाई, उपाशी कायले जातं? थोडं खाऊन घे." मी रोजा असल्याचं सांगितलं. तिने चुलीवर भाकरी टाकली, घड्याळ तिच्या नातवाने धरलं.

या हंगामात मुलीसाठी स्थळ आलं. मुलगा चांगला, घर कामठीचं. मुलाच्या आईने गल्लीत आधीच चौकशी केलेली दिसत होती. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "आप कौनसे दवाखाने में हैं?" अम्मींनी माझ्याकडे न बघता सुरू केलं, "नाईट ड्यूटी रहती..." तेवढ्यात मुलगी सरबताचा ट्रे ठेवत म्हणाली, "दादी, बस. अम्मी ड्रामे में काम करती है. चोवीस साल से." मग ट्रे सरळ केला आणि आत गेली. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. पाहुण्यांनी सरबत घेतलं, कळवतो म्हणाले. अम्मी दोन दिवस नातीशी बोलल्या नाहीत. मी मुलीला विचारलं, एवढी घाई कशाला केलीस? ती म्हणाली, "लग्नानंतर तू माझ्या सासरी नर्स म्हणून येणार होतीस का?"

पंधरा दिवस झाले, निरोप आलेला नाही. यांना वाटतं फोन करावा. मला वाटतं करू नये. मुलगी काहीच म्हणत नाही, पण तिचा मोबाईल वाजला की आम्ही तिघंही बघतो.

आज सिंदेवाहीच्या पलीकडे नाईट आहे. बॅग भरली, लुगडं, रंगाचा डबा, शाल. अम्मींनी डब्यात चटणी-पोळी बांधून दिली आणि विचारलं, "ड्यूटी कुठे आज?" मी गावाचं नाव सांगितलं.

"थंडी असेल तिकडे," त्या म्हणाल्या आणि स्वतःचा मफलर डब्यावर ठेवला.