दोन सह्या

कोल्हापूर

चि. मुक्तास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी प्रायव्हेट लिमिटेड नोंदली गेल्याचं कळलं. मामीनं देवापुढं साखर ठेवली. फोनवर तू म्हणालीस, ‘मामा, बुडालीच तर भागभांडवलापुरती बुडेल, घराला धक्का नाही.’ तेव्हा गप्प बसलो, म्हणून हे पत्र.

कायदा तुझ्याच बाजूचा आहे. लंडनमध्ये सॉलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्यानं धंद्याची कंपनी केली. 20,007 शेअरपैकी 20,001 त्याचे, उरलेले सहा बायकोमुलांचे. कंपनी बुडाली. 1896 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनं सांगितलं, घरचीच असली तरी कंपनी वेगळी आणि माणूस वेगळा.

पण हे बँकेलाही ठाऊक असतं. म्हणून ती दोन सह्या घेते. पहिली ‘कंपनीकरिता, संचालक’. दुसरी हमीपत्रावर, नुसत्या मुक्ताची. त्या दुसरीनं घर पुन्हा कर्जाला जोडलं जातं.

शिरोलीच्या एका फौंड्रीत मी मित्राखातर संचालक होतो; बँकेत दोन्ही सह्या केल्या होत्या. राजीनामा दिला, पेढे वाटले, सुटलो असं समजलो. पाच वर्षांनी नोटीस आली ती घरी. तुझी आजी अंगणात शेवया वाळत घालत होती. राजीनामा कंपनीकडे गेला होता, हमीपत्र मात्र बँकेच्या फायलीत जागचं हललं नव्हतं. ‘आधी कंपनीकडून वसूल करा’ म्हणून भांडलो. वकिलानं 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 दाखवलं: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. नाक्यावरचा प्लॉट त्यातच गेला. 2021 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की दिवाळखोरीत कंपनीची कर्ज-निराकरण योजना मंजूर झाली, तरी जामीनदार आपोआप सुटत नाही.

कर्ज घेऊ नको असं म्हणत नाही. फक्त हमीपत्रात रकमेची मर्यादा मागून बघ. कोऱ्या फॉर्मवर सही नको. कधी बाहेर पडलीस, तर बँकेलाही लेखी कळव. पुढच्या उचलीपुरती हमी मागं घेता येते, झालेल्या कर्जाची नाही. तोही हक्क छापील अटींत सोडून दिलेला नाही ना, ते वाच. आणि आयकर थकवू नको; खासगी कंपनीकडून तो वसूल झाला नाही, तर संचालकाच्या दारी येऊ शकतो.

बँकेचे कागद सहीआधी पाठव. बारीक अक्षरांसाठी चष्मा नवा केला आहे.

तुझा
मामा